सुकरीचं बोलावणं

१८ मार्च, चिखलबोडी

मामाच्या गावाला आलो. चार दिवसांसाठी आलो आहे, पण माझे चार दिवस किती लांबतात ते मोहर्लीच्या लोकांना विचारा. तिथे आठवड्यासाठी गेलो होतो आणि दीड वर्ष पाहुण्यांना वाघ दाखवायची जिप्सी चालवली. त्याच्या आधी ऊर्जानगरला एका ठेकेदाराकडे होतो, त्याच्याही आधी बल्लारपूरला घरीच. बारावीचा इंग्रजीचा पेपर अजून बाकी आहे.

ही डायरी मूलच्या बाजारात घेतली. गेलो होतो गाडीची क्लच वायर घ्यायला. ती राहिलीच. पण इथे मोबाईलला रेंज नाही, तर डायरी तरी कामी पडेल.

मामी दारातच उभी होती. "आला का बाबू? किती वाळला रे! मोहर्लीत सारं वाघच खाते वाट्टे."

जेवायला गरम भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी. दोनदा भात घेतला. मामा नेहमीसारखा गप्प. इस्तारीमामा तलावात जाळं टाकताना जेवढं बोलतो तेवढंच घरात बोलतो, म्हणजे फार नाही.

पडवीत पुनमची सायकल अजून आहे. मामा तिच्यावर जाळं वाळू घालतो.

पुनम म्हणजे मामाची एकुलती पोरगी, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिचं नाव या घरात घेत नाहीत. चार वर्षांपूर्वी गावातल्या बायांसोबत नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला गेली. बाया परत आल्या, ती नाही आली. तिथल्याच एका तेलुगू पोराशी लग्न केलं. मामानं तलावावर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाची करतात तशी. तेव्हापासून विषय बंद.

लहानपणी मी उन्हाळाभर इथे असायचो. गावातले मोठे लोक मला चिडवायचे, "विक्क्या, तुई बायको पानी भरून राह्यली, जाय, हंडा उचल." मामाची पोरगी म्हटल्यावर चिडवणारच. मी भल्ला चिडायचो. ती गेली त्याच उन्हाळ्यात मी बल्लारपूर सोडलं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

१९ मार्च

पहाटे मामीबरोबर मोह वेचायला गेलो. पाचसहा बाया, प्रत्येकीच्या कमरेला टोपली. जंगलाच्या तोंडाशी एक नाला आहे. तिथे सगळ्या थांबल्या. मामी पुढे झाली आणि झाडांकडे बघत म्हणाली, "जवाईबापू, तुमच्या सासरचे मानसं आलो. वाट द्या. आडवे येऊ नोका."

मग आत गेलो.

मी हे विसरूनच गेलो होतो!  वास तोच, मोहाचा गोड गोड, डोकं धरायला लावणारा. नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाचा पंजा उमटला होता. मोहर्लीत पंजा दिसला की पाहुणे मोबाईल काढायचे. मामीनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. मागच्या म्हाताऱ्यांनीही ओढला. जावयासमोर ओढतात तसा.

सुकरीची गोठ, म्हणजे गोष्ट, लिहून ठेवतो, नाहीतर माझ्या डोक्याचा काही भरवसा नाही.

आमच्या मामाच्या घराण्याचे मूळ पुरुष जाळं खांद्यावर टाकून या तलावावर आले तेव्हा इथे नुसतं जंगल. राहायला कोणाची परवानगी घ्यावी ते कळेना. त्यांची पोरगी सुकरी मोहाला गेली, तिला झाडाखाली एक तरणा गडी झोपलेला दिसला. त्यानं बापाजवळ तिला मागितली. म्हणाला, "पोरगी द्या, तलाव तुमचा." बापानं कुळ-गाव न विचारता शब्द दिला. वरात आली तर वाजंत्री नाही, काही नाही, शंभर माणूस चालतं आहे आणि पाचोळा वाजत नाही. गावचे कुत्रे चुलीमागे लपले. नवरीची माय नवरदेवाचे पाय धुवायला बसली. हळद धुऊन निघाली आणि तिला दिसलं की हे माणसाचे पाय नाहीत. शब्द गेलेला होता. तिनं तोंडातून आवाज काढला नाही, पदर डोळ्यांवर ओढून घेतला. तेव्हापासून वाघ चिखलबोडीचा जावई, आणि मामाचं घर म्हणजे त्याचं सासर. त्या घराला तलावात पहिलं जाळं टाकायचा मान. मोह संपला की मांडवखडकावर जावयाचा वाटा ठेवायचा, सुकरीसाठी बांगड्या ठेवायच्या.

ही गोठ मामी आम्हाला पारीवर बसून सांगायची. पार म्हणजे तलावाचा बांध, पावसाळ्यानंतर त्याच्यावर गवत गादीसारखं होतं. नंतर आम्ही ती खेळायचो. पुनम सुकरी. मी वाघ, पोत्यावर कोळशानं पट्टे ओढून. पाय धुवायला कोणी नसायचं म्हणून पुनमच नवरी आणि पुनमच नवरीची माय. एका उन्हाळ्यात पोत्यात माकोडे, काळे मुंगळे, निघाले, वाघ बोंबलत तलावात पडला, आणि सुकरी पोट धरून हसत होती.

तो आवाज अजून कानात आहे. टोपली भरायची सोडून मी तिथेच उभा राहिलो. मामी म्हणाली, "बाबू, मोह वेचाले आला का झाडं मोजाले?"

२१ मार्च

झाडूभाऊला वाघानं मारलं.

आदेशचे वडील. मामाच्या घरापासून चौथं घर. सकाळी एकटेच मोहाला गेले होते. मला लहानपणी तलावात डोंग्यात बसवून कमळाची दांडी खायला शिकवली होती त्यांनी.

मोहर्लीत दीड वर्षं रोज वाघ पाहिला. आज पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. आणखी काही लिहवत नाही.

२३ मार्च

वनखात्याची माणसं येऊन गेली, कॅमेरे लावले, जंगल बंद केलं. ते ठीकच. पण गावात वेगळंच सुरू झालं आहे.

काल अंत्यविधीच्या वेळी मामा खांदा द्यायला पुढे झाला तर लोक जरासे बाजूला सरकले. मला वाटलं वाट देताहेत. आज कळलं.

आदेश आला, दारातच उभा राहिला. टक्कल केलेलं, डोळे सुजलेले. मामी म्हणाली, "ये बाबू, बस."

"बसाले नाई आलो बाई. इस्तारीकाकाजी, तुमच्या जवायानं माया बापाले खाल्लं."

मामा जाळ्याची गाठ बांधत होता. हात थांबला.

"मी काय करू म्हन्तो?" मामा म्हणाला.

"काडी मोडा. सोयरीक तोडा त्याच्यासंगं. गावात मानूस मारला त्यानं, आन् आपन त्याले बापू म्हनाचं? माई माय उद्या मोहाले गेली त पदर घेईन का त्याच्यासमोर?"

काडीमोड इथे माहेरचे लोक करतात. पोरीचं सासर वाईट निघालं तर चार माणसांसमोर पोरीचा बाप भाताच्या तणसाची काडी मोडतो, की नातं संपलं. पण वाघाशी? मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मामा म्हणाला, "मोडतो."

एवढंच. जसं काय कोणी मासा मागितला.

आदेश गेल्यावर मामी भांडी घासत होती, जोरजोरात. मग म्हणाली, "तुमाले तोडाची सवयच लागली."

मामा उठून तलावाकडे गेला.

२५ मार्च

धुळवड. कोणी रंग खेळलं नाही.

मी आदेशकडे गेलो होतो. त्याला समजवावं असं मामीनं सांगितलं होतं. तिला काडीमोड नको आहे. काऊन नको, ते सांगत नाही. रात्री जेवत नाही, एवढं दिसतं.

मोहर्लीला माझ्या जिप्सीत एक सर बसले होते, नाशिकचे. मी त्यांना सुकरीची गोठ सांगितली होती, तेव्हा ते म्हणाले की अशा सगळ्या कथा रूपकं असतात. वाघ म्हणजे जंगल. पोरगी देणं म्हणजे जंगलाशी केलेला तह. असं काही घडलेलं नसतं, पण अर्थ असतो. मला ते इतकं भारी वाटलं होतं की मी डावं वळण चुकलो आणि सरांचा वाघ हुकला.

तर मी आदेशला तेच सांगितलं. म्हटलं, अरे हे रूपक आहे. सुकरी नव्हतीच कधी. मग काडी कशाची मोडायची?

आदेश ऐकून घेत होता. मग म्हणाला, "खोटं हाये ना? मंग मोडाले काय जाते? नाई झाल्या लग्नाची काडी मोडली त कोनाचं काय तुटते, विक्की?"

"तसं नाही रे..."

"आन् खरं असन, त मंग मोडलीच पाह्यजे. तू सांग, दोन्हीकडून मी कुठी चुकलो?"

कमळाबाई, त्याची आई, भिंतीला टेकून बसली होती. जाताना मला म्हणाली, "तारीले सांगजो, जेव म्हना."

तारी म्हणजे माझी मामी, ताराबाई. दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या.

घरी येऊन मामीला म्हटलं, रूपकानं काम झालं नाही.

"थे काय असते?"

"म्हणजे खरं नसते, पण खोटंही नसते."

"मंग थे त सारं घरच तसं हाये," मामी म्हणाली आणि पेज ढवळू लागली.

२७ मार्च

ठरवलं की पुरावा शोधायचा. गोठ खरी घडलेली असेल तर काहीतरी खूण असेलच. खरी निघाली तर मामाच्या घराण्यानं शब्द दिला होता, शब्द असा मोडता येत नाही, असं गावासमोर मांडता येईल.

मांडवखडक तलावाच्या अलीकडच्या बाजूला आहे, बंद केलेल्या जंगलात नाही. तिथेच सुकरीचं लग्न लागलं म्हणतात. जाताना वाटेत टेंभराचं झाड लागलं, पिवळी धमक फळं. ती खाता खाता एक तास गेला. मग एक माळढोक दिसला असं वाटलं, म्हणून त्याच्यामागे गेलो. साधी लांडोर निघाली.

खडकावर सात उखळं आहेत, गोल, गुळगुळीत, हात कोपरापर्यंत जातो. वरातीच्या जेवणाचे तांदूळ यांच्यात सडले म्हणे. हात घातला तर आत पावसाळ्यातली माती आणि एक गोटी सापडली, काचेची, निळी. आमच्यापैकी कोणाची असेल? आम्ही इथेच खेळायचो.

बापूजींकडे गेलो. गावातले सगळ्यात म्हातारे, काडीमोड असो की वाटणी, शेवटचा शब्द त्यांचा. विचारलं, उखळं कोणी केली?

"होतेच."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून होती?"

"मले पाह्याले बोलावलं नोतं बाप्पा त्या लग्नाले."

"बापूजी, खरं सांगा ना. सुकरी होती का नव्हती?"

बापूजींनी तंबाखूचा खर्रा गालात सरकवला. "मी लहान होतो तवा माया आजानं सांगतली. मी त्याले हेच पुसलं. थो म्हने, तुले बाईले पदर घेताना दिसते का नाई? दिसते, म्हनलं. मंग हाये म्हने."

हा काही पुरावा नाही. त्यांनी तारीख मात्र सांगितली. दोन एप्रिलला सकाळी नाल्यावर. रीत अशी: आधी पोरीची माय पोरीला तीनदा हाक मारते. पोरगी आली तर माहेरची झाली, घरी घेऊन जायची. नाही आली तर बाप काडी मोडतो. मग ती ना सासरची, ना माहेरची. तिच्या नावानं काही ठेवायचं नाही, काही म्हणायचं नाही.

सुकरीची माय आता कुठून आणणार? तर त्या घरची मोठी बाई. म्हणजे मामी.

२८ मार्च

मिरचीवाल्या बाया परवा परत आल्या. त्यातल्या एकीबरोबर मामी विहिरीवर बराच वेळ बोलत होती. तेव्हापासून जरा बरी दिसते, पण डोळे लाल. मिरचीचा झोंबरा खाट असेल, त्या बायांच्या कपड्यांना येतो.

दुपारी ती पेटीजवळ बसली होती. जावयाच्या वाट्याची तयारी. सुकरीच्या हिरव्या बांगड्या, दरवर्षीसारख्या. आणि सोबत काळ्या मण्यांच्या दोन मनगट्या, तान्ह्या लेकराच्या.

मी म्हटलं, "मामी, तीनशे वर्षांनी सुकरीला लेकरू झालं वाट्टे!"

वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "झालं असन. आपल्याले कोन सांगते?"

मग मी म्हटलं, मामी, ती गोठ पुन्हा सांग ना, लहानपणी सांगायचीस तशी. ती सांगू लागली. मी पडून ऐकत होतो, डोळे मिटून, अगदी तसंच वाटायला लागलं होतं, पारीवरचं गवत, तलावाचा वास. आणि मामी चुकली.

"बापानं शबद देल्लाच नाई. पोरगी आपल्या मनानं गेली. बाप त मांडवातही नाई आला. मायनं एकटीनं पाय धुतले."

मी उठून बसलो. "अवो मामी, शब्द बापानंच दिला होता! तूच तर सांगायची. तलावाच्या बदल्यात."

"तवा तू लहान होता."

"आणि पाय? पाय पंजाचे होते ना?"

मामी मनगट्या पदराच्या टोकात बांधत होती. "मानसाचेच असतीन बाबू. भेगाळलेले. वावरात पानी देऊन देऊन भेगा पडते ना, तसे. लोकाईनं वाघ म्हनलं म्हून थो वाघ."

वाघाच्या पायाला भेगा! मोहर्लीत एवढे वाघ पाहिले, एकाच्याही पायाला भेगा नव्हत्या. मामीचं वय झालं. मला फार वाईट वाटलं. एवढी गोठ जिनं डोक्यात भरली तीच विसरत चालली. आता खरी कोणती, हे कोणाला विचारायचं? पुनमला पाठ होती. तिच्याकडे तरी जुनीच असेल.

३१ मार्च

मामाला डोंग्यात एकट्याला गाठलं. मी चाटू, म्हणजे वल्हं, मारत होतो, तो जाळं ओढत होता. म्हटलं, मामा, तुम्हाला काय वाटतं, खरी की रूपक?

"मले काई वाटत नाई."

"मग मोडता कशाला?"

मामानं जाळ्यातून एक मरळ सोडवली. ती हातातून सुटायला बघत होती. "मानूस मेला विक्क्या. झाडू आन् मी संगंच पोहाले शिकलो. त्याचं पोट्टं दारात येऊन रडून राह्यलं. त्याले काई त देल्लं पाह्यजे. मायाजवळ दुसरं काय हाये द्याले?"

मामानं दुसऱ्या हातानं जाळं डोंग्यात ओढून घेतलं.

"तुई मामी म्हन्ते, काडी मोडली त पोरगी कुठचीच नाई राहत. आज निदान तिले घर हाये, म्हन्ते, कसंई असो." त्यानं मरळ टोपलीत टाकली. "मी म्हनलं, आपन नाई मोडली त घर काय मोठं होते तिचं? आपन कदी गेलो का पाह्याले?"

मी म्हटलं, "वाघाच्या घरी कसं जाणार मामा!"

मामानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. मग म्हणाला, "चाटू नीट मार. गोल फिरवून राह्यला तू डोंगा."

२ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी सगळं गाव नाल्यावर. वनखात्याच्या एका माणसाला फटाके घेऊन बसवलं होतं, वाघ आला तर म्हणून. झाडूभाऊच्या घरचे समोर. बापूजी दगडावर. मामानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, हातात तणसाची काडी, पिवळी, हातभर लांब. इतकी हलकी वस्तू कोणी इतकी घट्ट धरलेली मी पाहिली नव्हती.

बापूजी म्हणाले, "ताराबाई, बोलाव."

मामी पुढे गेली. नाल्याच्या काठावर उभी राहिली. पलीकडे नुसते मोह आणि साग, पानं गळालेले साग. तिनं पदर घेतलेला नव्हता. सगळ्या बायांनी घेतला होता, तिनं नाही.  कोणीतरी खोकलं.

मग तिनं हाक मारली.

"पुनम!"

आधी मला वाटलं माझ्याच कानाला तसं आलं. पण शेजारची बाई दचकली. आदेशनं मान वर केली.

"पुनम, ये वो माय!"

मामीचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. पारीवरून आम्हाला जेवायला बोलवायची तेव्हा तलावाच्या त्या टोकाला ऐकू यायचा, पण तो वेगळा. हा जंगलात गेला आणि परत नाही आला.

"घरी ये! लेकराले घेऊन ये!"

आणि खाली बसली.

मी धावलो, धरलं तिला. बापूजींना सांगितलं, उपास आहे, ऊन आहे, नाव चुकलं, पुन्हा हाक मारेल. मामी माझा हात घट्ट धरून बसली होती. आदेश पुढे येत होता, त्याच्या आईनं त्याचं मनगट पकडलं. कमळाबाई तेरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली असेल. म्हणाली, "आज नाई. राहू दे आदेश. आज नाई."

सगळे मामाकडे बघत होते. त्याच्या हातात काडी. दोन्ही टोकं दोन्ही हातांत. काडी वाकली होती, पण मोडली नव्हती.

बापूजींनी खर्रा थुंकला. "सुकरीले कोनी बोलावलंच नाई," ते म्हणाले. "बोलावल्याबिगर मोडता येत नाई. रीत हाये. चला घरी."

लोक उठले. कोणी वाद घातला नाही. मला आश्चर्य वाटलं, एवढ्याशा चुकीवरून एवढं मोठं काम रद्द! पुन्हा एक दिवस ठरवता आला असता. कोणी ठरवला नाही.

मामा काडी कनवटीला खोचून तलावाकडे निघून गेला.

३ एप्रिल

काल संध्याकाळी मामा आदेशच्या ओसरीवर जाऊन बसला. मी लांबून पाहत होतो. आदेश बोलला, खूप बोलला, हात नाचवून. मामा ऐकत होता. मग आदेश रडला. मग दोघं बसून राहिले. कमळाबाईनं दोघांना चहा दिला. आज सकाळी मामाच्या डोंग्यात आदेश दिसला. जाळ्याचं दुसरं टोक झाडूभाऊ धरायचे, ते त्याच्या हातात होतं.

म्हणजे भांडण मिटलं असं नाही. आदेश अजून म्हणतो, त्या जनावराला मी बापू म्हणणार नाही. मामानं त्याला सांगितलं, "नोको म्हनू."

माझा प्रश्न मात्र तसाच. गोठ खरी की रूपक? कोणालाच पडलेली नाही. मामीला विचारलं, काल नाव कसं चुकलं? तिनं माझ्या ताटात भात वाढला आणि माझ्या केसांतून हात फिरवला. मी काय लहान आहे? आज ती पोटभर जेवली.

५ एप्रिल, आलापल्ली

काल मामानं विचारलं, "तुई गाडी शिरोंच्याले जाते का?" म्हटलं जाईल, क्लच वायर बदलली तर. मला वाटलं जाळी घ्यायला जायचं असेल. शिरोंच्याहून पूल ओलांडला की तेलंगणा, तिथं जाळी चांगली मिळते असं मामा पूर्वी म्हणायचा.

आज पहाटे निघालो. मामीनं पिशवी दिली. सुकवलेला मोह, झिंगे, हिरव्या बांगड्या, आणखी काय काय. मामाला काही म्हणाली नाही. मला म्हणाली, "सांभाळून ने बाबू. घाई नोको करू. आन् तू बी बोल तिच्यासंगं. चार वर्सं झाले तुले."

तेव्हा कळलं.

चामोर्शीपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मी न बोलता चाळीस किलोमीटर गाडी चालवली, हे मोहर्लीत कोणाला खरं वाटणार नाही. नाल्यावरची ती हाक, मनगट्या, विहिरीवरचं बोलणं, डोंग्यातली मामाची नजर, सगळं मागून मागून येत होतं, आणि दरवेळी मी आरशात पाहत होतो. मागे मामा बसलेला, पिशवी पोटाशी धरून, डोळे मिटून. त्या गोठीत बाप मांडवात आला नाही असं मामी का सांगत होती, ते मला कळायला आलापल्ली यावी लागली. नाशिकच्या त्या सरांना हे कुठल्या खान्यात बसवता आलं असतं, कोणास ठाऊक.

पुनम आता कशी दिसत असेल? मला ओळखेल. ओळखेलच. काय बोलायचं ते ठरवून राह्यलो आहे. माकोड्यांची गोष्ट काढावी की नको? तिचा नवरा काय म्हणेल? त्याला मराठी येत असेल का? मला तेलुगूत दोनच शब्द येतात, एक पाणी आणि एक शिवी.

इथे टपरीवर चहा घेतला. मामानं बशीत ओतला, प्यायला नाही. म्हणाला, "अबे विक्क्या, पयल्या खेपेले जवायाले काय न्या लागते?"

"मले काय मालूम मामा. मायं लगन कुठी झालं?"

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, जरा जास्तच वेळ, आणि समोरच्या कापडाच्या दुकानात गेला. मी बाकावर बसून हे लिहितो आहे, इथून सगळं दिसतं. दुकानदारानं दुपट्ट्यांची चळत काढली. मामा एकेक हातात घेतो, उन्हाकडे धरतो, ठेवतो. जाळ्याचं सूत पारखतो तसं. दुकानदार कंटाळला आहे. त्यानं पिवळ्यावर काळे पट्टे असलेला एक काढला, म्हणाला, हा घ्या, हाच जास्त खपतो.

मामानं तो बाजूला सारला.

"पट्ट्याचा नोको बाप्पा," तो म्हणाला. "मानूस हाये थो."